मोंतेव्हार्कोची भिंत

एखाद्या गावात तीनदा दहा-दहा दिवस राहिलं, तिथलं आइस्क्रीम खाल्लं, की माणूस त्या गावाचा इतिहासतज्ज्ञ होतो, हे सुनीतीला नवऱ्याकडे बघून कळलं. डॉक्टर श्रीकांतने जन्मभर लोकांचे गुडघे बदलले. रिटायर झाल्यावर हातातली करवत गेली आणि इटली आली. स्वतःच्या कुलदैवताचं नाव विचारा, बायकोच्या तोंडाकडे बघेल. पण मोंतेव्हार्को नावाच्या त्या टेकडीवरच्या टीचभर गावात कुठल्या पाद्र्याने कुठल्या साली घंटा टांगली, हे झोपेतही सांगेल.

आज शनिवारी दुपारी लंडनमधल्या हॅरोतल्या चर्चच्या हॉलमध्ये मराठी मंडळाने त्याचं भाषण ठेवलं होतं. खुर्च्या साठ, माणसं सव्वीस, आणि त्यातली निम्मी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आलेली. सेक्रेटरी मोहनने "आपले इटलीतज्ज्ञ" अशी ओळख करून दिली, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या सुनीतीने नाक मुरडलं. ती यायलाच तयार नव्हती. लॅपटॉपवर स्लाइड्स सरकवायला मुलगी वरदा बसणार होती, तिने हट्ट केला म्हणून आली. मे महिन्यापासून नवराबायकोत जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं होतं.

त्याला कारण होतं. सुनीतीचे थोरले काका विष्णू शेलार मराठा पलटणीतून लढाईला गेले आणि चव्वेचाळीस साली या मोंतेव्हार्कोपाशी पडले. तार आली, तिच्यात गावाचं नाव होतं, बाकी काही नाही. त्यांची मुलगी वैजयंतीताई, ते लढाईला गेल्यावर सहा महिन्यांनी जन्मली. बापाचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. आता ताई ब्याऐंशीची, कऱ्हाडला असते, आणि तिला मरायच्या आधी एकच हवं होतं: बापाचं नाव कुठेतरी लिहिलेलं बघायचं. दर रविवारी तिचा सुनीतीच्या पिनरच्या घरी फोन यायचा. "सुने, सापडले का गं बाबा?"

मे महिन्यात श्रीकांत निघाला तेव्हा सुनीतीने त्याच्या पाकिटात चिठ्ठी घालून दिली होती. परत आला तो हात हलवत. "अख्खं सिमेटरी पालथं घातलं. एकेक ग्रेव्ह वाचलं. शेलार नाही." तेवढ्यावर थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला. रविवारी फोन आला तो स्वतः घेतला आणि हसत म्हणाला, "अहो ताई, तुमचे बाबा गेलेच नसतील! भेटली असेल एखादी गोरी इटालियन, पळाले असतील लढाईतून!"

ताईने फोन ठेवला. तिच्या आईला भावकीने जन्मभर हेच ऐकवलं होतं, हे या शहाण्याला कुठून माहीत असणार! तेव्हापासून रविवारी फोन वाजला नाही. सुनीतीने केला तर सून उचलायची. "सासूबाई झोपल्यात."

इकडे भाषण रंगात आलं होतं. घंटेला अकरा मिनिटं, बेकरीच्या दाराला आठ. "या आर्चची एलिगन्स बघा! हेरिटेज जपावं तर यांनी. आपल्याकडे आहे का सेन्स ऑफ हिस्टरी?" सुनीती मनात म्हणाली, आहे ना, समोरच उभा आहे अकलेचा कांदा.

"आणि हा मी," श्रीकांत म्हणाला. "गावाखाली वॉर सिमेटरी आहे, तिथून व्हॅलीचा व्ह्यू सुपर्ब! चालून चालून पाय दुखले, म्हणून जरा टेकलो."

पडद्यावर श्रीकांत दगडी ओट्यावर ऐसपैस बसला होता, पाठ मागच्या पांढऱ्या भिंतीला, हातात आइस्क्रीम. लोक हसले. सुनीती हसली नाही. भिंतीवर अक्षरं होती.

"अहो, ती भिंत कसली?"

"कसली म्हणजे? कंपाउंड वॉल."

"तिच्यावर काय लिहिलंय?"

"डोनर्सची नावं असतील. आपल्याकडे देवळात नसतात का, पायरी पायरीवर!"

"वरदा, मोठं कर."

वरदा दिवसभर हॉस्पिटलमध्ये एक्स-रे वाचणारी, तिने नेमकं तेवढंच मोठं केलं. "आई, ही भिंत मेमोरियल आहे," ती हळूच म्हणाली. वर इंग्रजीत कोरलं होतं की या शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला. खाली नावं. पवार. सावंत. शिंदे. आणि श्रीकांतच्या डाव्या खांद्याशी, "विष्णू शेला". शेवटचं अक्षर त्याच्या जॅकेटमागे होतं.

सुनीतीचा आवाज चढला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, हिंदू माणसाचं थडगं शोधत होतात? तुमच्या वडिलांना पुरलंत होय? सिमेटरी पालथं घातलं म्हणे! माझ्या काकाच्या नावाला पाठ लावून आइस्क्रीम चाटत बसलात, आणि वर त्यांना पळपुटा म्हणालात!"

श्रीकांतचा चेहरा उतरला. त्याने पाकीट काढलं, घडी घातलेली चिठ्ठी उलगडली आणि तिच्या हातात दिली. अक्षर तिचंच होतं. "विष्णूकाकांची कबर शोधा. शेलार. मराठा पलटण."

कबर. कृष्णाकाठी आईची राख स्वतःच्या हातांनी सोडलेली ही बाई, आणि तिने लिहिलं होतं कबर. सेहेचाळीस वर्षं इथले क्रॉस आणि दगड बघून बघून तिचीही अक्कल गहाण पडली होती. नवऱ्याला हसण्याचा हक्क तिला उरला नव्हता, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली. तिने तिथूनच कऱ्हाडला फोन लावला.

"सासूबाई झोपल्यात," सून म्हणाली.

"उठवा. सांगा, बाबा सापडले."

बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज. मग ताई आली. "थडगं आहे का गं?"

"नाही ताई. अग्नी दिलाय. भिंतीवर नाव कोरलंय."

"कुणी दिला अग्नी?"

सुनीतीने पडद्यावरची नावं पुन्हा वाचली. "पलटणीतल्याच कुणीतरी, ताई. नावं सगळी आपल्याकडचीच आहेत."

"म्हणजे पळाले नव्हते."

"नाही गं."

"मी कधी म्हणाले होते पळाले म्हणून?" ताईचा आवाज म्हातारा होता पण ठणठणीत होता. "फोटो आहे का?"

सुनीतीने पडद्याकडे पाहिलं. तिथे श्रीकांत अजून हसत होता. खाली, हॉलमधला श्रीकांत मान खाली घालून उभा होता.

"आहे. पण आमचे हे बसलेत त्यात. नावाला पाठ टेकून."



"जावयांना सांग, परत जा म्हणावं. आणि ह्या खेपेला जरा सरकून उभे राहा, माझा बाप दिसू दे."