कोटाभोवतीचे पतंग

संध्याकाळी व्हरांड्यात पतंग घिरट्या घालू लागले, तसा दादाने फोन उचलला आणि फवारणीवाल्याला उद्या उजाडताच यायला सांगितले.

"झालं तुझं शास्त्र?" तो धाकट्या बहिणीकडे वळला. "सापळ्यांत दोन-चार पाखरं, आणि इथे दारात फौज!"

यंदा सफरचंदाच्या बागेत सरसकट फवारणी करायची नाही, हे तिनेच त्याच्या गळी उतरवले होते. कीटकशास्त्र शिकून ती घरी परतली ती कामगंध सापळे घेऊनच. पांढऱ्या पुठ्ठ्याचे तिकोनी घर, तळाला चिकट कागद आणि आत मादीचा गंध भरलेली रबरी गोळी. गंधाच्या ओढीने आलेले नर कागदाला चिकटतात, आणि किती चिकटले त्यावरून फळ पोखरणाऱ्या अळीचा अंदाज बांधता येतो. तिच्या शब्दावर विसंबून मधपेट्यांवाल्या काकांनी आपल्या पेट्या बागेच्या कडेला आणून ठेवल्या होत्या.

तेच काका आता पायरीशी उभे होते. "एका रात्रीत पेट्या कुठे हलवू, पोरी? आणि इथेच ठेवल्या, तर उद्या माश्यांचा सडा वेचावा लागेल."

"हलवू नका, काका. जरा थांबा."

सकाळीच तिने रांगा फिरून फळे तपासली होती. एकालाही भोक नव्हते. फौज खरी असेल, तर ती बागेत खुणा सोडल्यावाचून दारात कशी येईल? ती पतंगांकडे बघत राहिली. दिवा लागला होता, पण त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. सगळी झुंबड उडाली होती ती खुंटीवरच्या दादाच्या तपकिरी कोटावर.

"दादा, गोळ्या बसवताना हात कशाला पुसलेस?"

"कोटाला. मग काय तुझ्या पदवीला पुसायचे?"

"आणि हातमोजे?"

"ते तुझ्या मापाचे. माझा अंगठासुद्धा आत जाईना."

ही चूक तिची होती, आणि तिने ती मनोमन मान्य केली. आतून वहिनी आली आणि कोटाकडे बघून खुदकन हसली. "इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या मागे कुणी लागल्याचं ऐकलं नव्हतं. आता लागले, तेही सगळे नर!"

"हसा, हसा," दादा गुरकावला. "बाग माझी जायची आहे."

"कोट लांब नेऊन टांगते," बहीण म्हणाली. "फौज खरी असेल तर इथेच राहील. राहिली, तर काकांच्या पेट्या मी स्वतः उचलेन."

तिने काठीच्या टोकावर कोट उचलला आणि दूरच्या कुंपणाला लटकवला. हळूहळू व्हरांडा रिकामा झाला. रित्या खुंटीशी एक-दोन पतंग तेवढे रेंगाळले. दादा कुंपणापर्यंत गेला. कोटाच्या बाह्यांवर पतंग फडफडत होते. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"हे एवढे आपल्या बागेतले?"

"सगळीकडून ओढून आणलेत तुझ्या कोटाने. म्हणून तर सापळ्यांत कमी दिसले. पण हे धरले तरी फवारणीची वेळ आलेली नाही. सकाळी तू सांगशील त्या झाडांची फळं तुझ्यासमोर तपासते. एकाला जरी भोक निघालं, तरी मी आडवी येणार नाही."

दादाने बागेकडे पाहिले, मग काकांच्या पेट्यांकडे. आणि खिशातून फोन काढला.

"उद्या येऊ नकोस रे. नाही, पाखरं आहेत. पण ती माझ्यावर भाळलीत, झाडांवर नाही."

काका पेटीवर हात टेकून मोकळेपणाने हसले. वहिनीने विचारले, "मग कोट धुवायला टाकू?"

"नको," दादा म्हणाला. "त्याला चिकट कागद लावा. आणि सकाळी माझ्या मापाचे हातमोजे आणा."