चुलीचा हात

'नाही' म्हणता म्हणता ओराझखानना हसू फुटलं आणि दाढीवाल्या पाहुण्याने कॅमेरा बंद केला.

"आजोबा, असं कसं चालेल?" दुभाष्या साइलाऊने कपाळाला हात लावला. "नातीला नकार देताय तुम्ही. नकार देताना माणूस हसतो का?"

"अरे, दोन वर्षं मीच तिला शिकवतोय. तिच्या हातावर गरुड मीच बसवला. आता मीच नाही म्हणायचं, मग हसू येणार नाही तर काय रडू येणार?"

"फिल्मपुरतं म्हणायचं. इंग्रिडबाई म्हणतात, गोष्टीत कुणीतरी नाही म्हणणारं लागतं. सगळेच हो म्हणाले तर पोरगी जिंकणार कुणावर?"

"मग पलीकडच्या कुरमानला बोलवा म्हणावं. तो बायकोने पुढे केलेल्या चहालाही आधी नाहीच म्हणतो."

तोल्गनाय खिदळली. चौदा वर्षांची ती पोर सकाळपासून कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणि नक्षीचा कोट घालून नवरीसारखी बसवून ठेवली होती. बाहेर तिची गरुडमादी डोळ्यांवर टोपडं चढवून ठोकळ्यावर बसली होती. पक्षी चलाख दिसावा म्हणून पाहुण्यांच्या सांगण्यावरून तिला कालपासून उपाशी ठेवलं होतं. रविवारी तालुक्याच्या मैदानावर गरुडांच्या स्पर्धेत चाळीस घोडेस्वारांत तोल्गनाय एकटी मुलगी उतरणार होती, आणि ती कशी उतरते तेच टिपायला ही परकी माणसं चार दिवसांपासून येऊन राहिली होती. आज दोन गोष्टी करायच्या होत्या. सकाळी घरात आजोबांचा नकार, दुपारी बाहेर आजोबांची दुआ. मधल्या वेळात त्यांचं मन कसं बदललं ते इंग्रिड नंतर जुळवणार होती.

कुलाश चुलीपाशी होती. चार दिवस ती चुलीपाशीच होती. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही ही या घराची रीत, त्यामुळे गोवऱ्या सरकवायच्या, दूध-मिठाचा चहा उकळायचा, कणकेचे गोळे चरबीत तळायचे, आणि कॅमेरा फिरला की भिंतीवरच्या लोकरी नमद्याला चिकटून उभं राहायचं. चित्रात ती येऊ नये असं इंग्रिडने दोनदा सांगितलं होतं, तेही अगदी गोड हसून. तोल्गनायची आई आहे म्हटल्यावर ती म्हणाली होती, छान, पण गोष्ट आजोबांची आणि नातीची आहे.

दुसऱ्या खेपेला ओराझखान इतके ताठ बसले की निवडणुकीच्या फोटोला बसलेत असं वाटावं. इंग्रिड साइलाऊच्या कानाशी काहीतरी बोलली.

"आजोबा, त्या म्हणतात, मी दिलेलं वाक्य सोडून द्या. तुमच्या मनाने बोला. खरंच नाही म्हणायचं असतं, तर काय म्हणाला असतात?"

म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. नजर नातीवरून सरकत चुलीकडे गेली आणि तिथेच थांबली.

"पोरीच्या हाताला चुलीच्या धुराचा वास असतो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, थट्टेचाही नव्हता. "गरुड आभाळातला जीव. त्याला धूर सोसत नाही. त्या हातावर तो बसला तरी मनापासून बसत नाही. तू चूल सांभाळ."

साइलाऊने इंग्रिडला अर्थ सांगितला. मग इंग्रिडने छातीवर हात ठेवला आणि साइलाऊने मांडीवर थाप मारली.

"झकास, आजोबा. इतकी वर्षं कुठे लपवली होती ही कला?"

कुलाशच्या हातातली गोवरी हातातच राहिली. ही वाक्यं तिला पाठ होती. ती बारा वर्षांची असताना याच माणसाने याच क्रमाने ती तिला ऐकवली होती, आणि त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या हिवाळ्यात तिने रोज बर्फाने हात घासले. बर्फाने वास जाईना म्हणून डोंगरातल्या जुनिपरचा वासाचा पाला ठेचून चोळला. बोटांना भेगा पडून रक्त यायला लागलं तेव्हा आईने मेंढीच्या शेपटीची चरबी लावली, आणि काय केलंस मेले म्हणून पाठीत एक धपाटाही घातला. वसंतात ती दोन्ही हात पुढे करून बापासमोर उभी राहिली होती. "काय झालं हाताला?" एवढंच विचारून ते घोड्यावर बसले. ते आपलं बोलणं विसरले, असं तिने अठ्ठावीस वर्षं स्वतःला सांगितलं होतं. विसरलेल्या माणसावर किती राग धरायचा? पण ते विसरले नव्हते. खोक्यात घडी करून ठेवलेल्या कोटासारखं सगळं जसंच्या तसं बाहेर निघालं होतं.

"एकदा बाजूने घेऊ म्हणतात," साइलाऊ म्हणाला. "तेच शब्द, आजोबा. जमेल?"

"न जमायला काय झालं?" ओराझखानना आता गोडी लागली होती. त्यांनी पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. या वेळी 'चूल सांभाळ'वर मानही हलवली.

कुलाशने मुलीकडे पाहिलं. तोल्गनाय आता हसत नव्हती. तिने कोटाच्या बाहीतून उजवा हात काढला, कुणी बघत नाही असं पाहून बोटं नाकाशी नेली, आणि वास घेऊन चटकन हात मांडीखाली दडपला.

कुलाशने गोवरी खाली टाकली.

"आणखी किती वेळा म्हणणार आहात, बाबा?"

ती कॅमेऱ्याच्या समोर येऊन उभी होती. दाढीवाल्याने इंग्रिडकडे पाहिलं.

"पाहुणे म्हणतील तितक्या वेळा," म्हातारा म्हणाला. "माझं काय जातंय? खोटंच तर आहे."

"मला म्हणालात तेव्हा खोटं नव्हतं."

ओराझखानचा हात दाढीवरच थांबला.

"तेव्हा दिवस वेगळे होते, कुलाश."

"दिवस हेच होते. डोंगर हेच होते. बेकबोलात, तुमचा लेक, दहा वर्षांचा होता आणि पक्ष्याने पंख झटकले की विजार ओली करायचा. त्याला शिकवलंत. त्याने काय केलं? गरुड तुमच्या गळ्यात टाकला आणि कझाकस्तानात ट्रक चालवायला निघून गेला. आई गेल्यावर तुम्ही जावयाच्या चुलीशी येऊन बसलात. त्या चुलीचा धूर कसा चालला तुम्हाला?"

"काय म्हणतेय ती?" इंग्रिडने खुणेने विचारलं.

"घरगुती आहे," साइलाऊ जमिनीकडे बघत म्हणाला.

जावयाच्या घरी राहतो म्हणून लोक मागे कुजबुजतात हे ओराझखानना ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं, लेकीने तर कधीच नाही. कुलाशलाही हे बोलायचं नव्हतं. पण बोलून झाल्यावर वाईट वाटलं नाही, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

"तोल्गा, ऊठ," ती म्हणाली. "घोडा घे, तुझी गरुडमादी घे, आणि त्या काळ्या खडकावर जा. मी हाक मारली की सोड."

"आई, तू?"

"मी."

"वेड लागलंय का तुला?" म्हातारा उठायला गेला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. "कालपासून उपाशी आहे तो पक्षी. अनोळखी हात बघून डोळाच काढेल."

"अनोळखी?" कुलाश म्हणाली. "पोरगी सोमवार ते शुक्रवार शाळेच्या वसतिगृहात. तुमचे गुडघे हे असे. पाच दिवस त्या पक्ष्याला भरवतं कोण, बाबा?"

भरवते कुलाश, हे म्हाताऱ्याला माहीत होतं. ठोकळ्यापाशी मांस टाकून येत असेल, एवढाच त्यांचा समज. मांस टाकून येणं वेगळं आणि हातावर बोलावणं वेगळं. पहिल्या हिवाळ्यात एका दुपारी, म्हातारा घोरत असताना, कुलाशने खुंटीवरचा चामडी हातमोजा काढून हातात घातला होता. आधी मादीला दोरी बांधून दहा पावलांवरून बोलावलं, मग गोवऱ्यांच्या ढिगाऱ्यापासून, मग दोरी सोडून थेट ओढ्यापलीकडून. चूल लावून उठलेल्या त्याच हातावर. ती कुणाला बोलली नाही. शनिवारी घरी आल्यावर मोजा दुसऱ्याच खुंटीला दिसायचा, पण तोल्गनायने कधी विचारलं नव्हतं.

आताही तिने विचारलं नाहीच. आईकडे एकदा नीट बघून घेतलं आणि बाहेर धावली.

सगळे मागोमाग आले. साइलाऊने ओराझखानना दंडाला धरून स्टुलावर बसवलं. बाहेर ऊन होतं पण वारा बोचरा होता, आणि ओढ्याच्या कडेला बर्फाची साय धरली होती. कुलाशने मोजा चढवला, त्यात सशाची तंगडी धरली आणि मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. इंग्रिड काहीतरी म्हणाली. साइलाऊने चाचरत भाषांतर केलं.

"ताई, त्या म्हणतात, जरा बाजूला झालात तर... म्हणजे खडकावरची तोल्गनाय आणि मध्ये आजोबा..."

"तिला सांग, बाजूला होता होता चाळीस वर्षांची झाले."

साइलाऊने हे सांगितलं की नाही कोण जाणे. दाढीवाल्याने मात्र कॅमेरा तिच्याकडे वळवला.

खडकावर तोल्गनायने टोपडं काढलेलं दिसलं. कुलाशने हात वर केला आणि हाक मारली. ती हाक ओराझखानची नव्हती, तोल्गनायचीही नव्हती. संध्याकाळी मेंढरं वळवताना बायका घालतात तसली लांब, पोटातून येणारी हाक होती, आणि या अंगणात ती आधी कुणी गरुडासाठी घातलेली नव्हती.

पक्षी सुटला. आधी वर गेला, इतका वर की म्हातारा मनाशी काहीतरी पुटपुटला. वारा मागून होता, मादीने मनात आणलं असतं तर ती डोंगर ओलांडून निघून गेली असती, आणि मग रविवारही गेला असता. पोरीचा रविवार आपण रागाच्या भरात उधळला असं कुलाशला त्या घटकेला वाटलं. तिने हात खाली घेतला नाही. दुसऱ्यांदा हाकही मारली नाही.

गरुडमादीने पंख मिटले आणि ती सरळ खाली आली. शेवटच्या क्षणी पंख उघडले, त्यांचा वारा कुलाशच्या तोंडावर आदळला, डोक्यावरचा रुमाल मागे सरकला, आणि नखं मोज्यावर रुतली. सहा किलोंचं वजन खांद्यापर्यंत जाणवलं. ती एक पाऊलही मागे सरली नाही.

मादी मान वाकवून ससा फाडू लागली. कुलाश तिला तशीच घेऊन बापासमोर आली आणि दुसरा हात, मोजा नसलेला, त्यांच्या नाकाखाली धरला. बोटं काजळलेली होती.

"वास घ्या."

"कुलाश..."

"घ्या. धुराचाच आहे ना?"

म्हाताऱ्याने वास घेतला. "आहे," ते म्हणाले.

"आणि ही मनापासून बसलीय की नाही, ते तुम्हीच सांगा. पन्नास वर्षं हेच केलंत. शिकारीला मादीच लागते, नर कुचकामाचा, असं गावभर सांगत आलात."

ओराझखानने पक्ष्याकडे पाहिलं. पाय, पिसं, मान, सगळं जाणत्या नजरेने पाहिलं. अस्वस्थ पक्षी पिसं आवळून धरतो. हिने ती सैल सोडली होती आणि मांस संपताच एक पाय उचलून पोटाशी घेतला होता.

"सुखात आहे," ते म्हणाले. खोटं बोलायला ते कुणाहीसाठी तयार झाले असते, पण पक्ष्याबद्दल नाही.

तोल्गनाय घोडा दामटत आली आणि धापा टाकत आईशेजारी उभी राहिली. तिने दोन्ही तळवे पुढे पसरले, दुपारी करायचं म्हणून शिकवलं होतं तसे. कुलाशचा एकच हात मोकळा होता. तिने तो काजळी लागलेला तळवा मुलीच्या तळव्यांशेजारी धरला. मागितलं काहीच नाही.

म्हाताऱ्याने त्या तीन तळव्यांकडे पाहिलं. मग त्यांनी आपले हात वर केले.

"तुमची वाट मोकळी राहो," ते म्हणाले. "तुमच्या हाकेला उत्तर येवो. तुमच्या हातावरून उडालेलं परत तुमच्याच हातावर येवो. अठ्ठावीस वर्षं उशीर झाला, तो माझ्या नावावर राहो. आमीन."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तोल्गनायने दोन्ही हातांनी तसंच केलं, कुलाशने एका हाताने, आणि तिच्या गालावर काजळीचा पट्टा उमटला.

इंग्रिड घाईघाईने पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण कामाची बाई ती. साइलाऊशी बोलताना ती दोनदा कुलाशकडे हात दाखवत होती.

"आजोबा," साइलाऊ म्हणाला, "फारच सुंदर झालं म्हणतात. फक्त एकदा परत हवंय. तोल्गनाय एकटी. ताई मध्ये आल्या की बघणाऱ्यांना कळायचं नाही, ही कोण ते."

"तिला सांग," ओराझखान म्हणाले, "नकार हवा असेल तर शंभरदा म्हणून दाखवीन. पुढून, बाजूने, उलटा टांगून. दुआ एकदाच देतात."

"पण आजोबा, फिल्म..."

"आणि कळायचं नाही कसं? ही माझी लेक. तसं लिहा म्हणावं खाली."

मग विषय संपला अशा सुरात, जन्माची सवय म्हणून, ते मागे वळून म्हणाले, "कुलाश, पाहुणे गारठले. चहा आण."

कुलाश जागची हलली नाही. मादीने तिच्या मनगटावर चोच पुसली.

"तुम्ही आणा, बाबा," ती म्हणाली. "माझ्या हातावर पक्षी आहे."

तोल्गनायने ओठ दाताखाली धरले. ओराझखानने लेकीकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं, आणि गुडघ्यांवर हात रोवून ते उठले. दारात थोडे थबकले. घरातली वस्तू कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं.

"किटली कुठेय?" आतून आवाज आला.

"चुलीवर," कुलाश म्हणाली.