झोपलेला हात आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी निळी झोळी आहे. दारोदार फिरणारी नव्हे हं! मी मोडलेले हात गळ्याशी सांभाळते. दवाखान्याच्या शिवणखोलीत एका मावशींनी मला उरलेल्या चादरीतून बेतलं. तेव्हापासून किती गळ्यांत पडले, किती वेळा धुतले गेले, माझं मलाच आठवत नाही.

मला पहिल्यापासून चौकसपणाची खोड. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ बाई काखेत सुई देतात, मग स्पिरिटचा बोळा हाताला लावून विचारतात, "गार लागतंय का?" नाही म्हटलं की हात झोपला. माणूस टक्क जागा आणि हात तेवढा झोपलेला, याचं मला अजून नवल वाटतं. पूर्वी हे हात संध्याकाळीच जागे व्हायचे आणि माणसं कळवळायची. मग बाई भुलीच्या औषधात दुसरं एक औषध जरासं मिसळू लागल्या आणि हात दुसऱ्या दिवसापर्यंत झोपू लागले. ते औषध नसांच्या कानात काय सांगतं, कोण जाणे! काही जण मात्र दुखत नाही म्हणून मला उशीखाली कोंबायचे. तेव्हा फार वाईट वाटायचं.

दीड महिन्यापूर्वी मी बेकरीवाल्या काकूंच्या गळ्यात होते. त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. बाईंनी बजावलं होतं, हात उद्या दुपारपर्यंत झोपेल, कदाचित जास्तही. तोवर दुसऱ्याचं तान्हं मूल समजून जपा. काकूंनी त्यातली दुपार तेवढी लक्षात ठेवली.

दुसऱ्या दिवशीची दुपार टळली, तरी हात ढिम्म. भट्टी किती तापली हे काकू बोटं आत धरून ओळखायच्या. तोच हात गेला तर बेकरी कशी चालायची? दवाखान्यात विचारू या, असं बेकरीत मदतीला आलेली नणंद म्हणाली, तर काकूंनी तिलाच गप्प केलं. बाई हात गारव्याने तपासतात, मग आपण उष्णतेने तपासू, असं त्यांनी ठरवलं. नणंदेची पाठ वळताच डाव्या हाताने त्यांनी झोपलेला हात माझ्यातून उचलला आणि बोटं भट्टीच्या तोंडाशी धरली. मी रिकामी लोंबत राहिले. मला तोंड असतं तर ओरडलेच असते.

"भट्टी पेटवली नाहीस का गं?" काकूंनी विचारलं.

नणंदेने वळून पाहिलं, तर बोटांची टोकं लालबुंद. तिने हात मागे ओढला, बँडेज न भिजवता बोटं नळाखाली धरली आणि काकूंना तडक दवाखान्यात आणलं.

बाई रागावल्या नाहीत. मलम लावत म्हणाल्या, "कुणाचा हात किती झोपेल, हे मलाही नेमकं सांगता येत नाही. दुखणं थांबवलं की हाताचा राखणदारही झोपतो, काकू. म्हणून तर ही झोळी." ऐकून मी जरा फुगलेच.

"पण हात परत येईल ना?" काकूंनी एवढंच विचारलं.

येईल, असं सांगून बाईंनी त्यांना बाकावर बसवलं. मी हात धरून होते. बऱ्याच वेळाने माझ्या आत अंगठा जरासा हलला. मग मुंग्या आल्या. मग काकू एकदम ताठ झाल्या.

"दुखतंय," त्या नणंदेला म्हणाल्या. "अगं, बोटं आग आग करतायत." आणि डोळे पुसत हसायला लागल्या.

मित्रांनो, कधी तुमचा हात असा झोपला, तर दुखत नाही म्हणून मला काढून ठेवू नका. तो आपला आपण उठेपर्यंत मला त्याला धरू द्या. काल काकूंनी मला परत आणून दिलं. घडी त्यांनी उजव्या हातानेच घातली होती, अजून जराशी वाकडी.