ग्राइंडिंगवरचे साठ नग

आमच्या कारखान्यात पितळी व्हॉल्व्ह बनतात. अर्धवट झालेला माल कुठल्या मशीनवर आहे, हे कॉम्प्युटरवर दाखवायचं काम माझं. सॉफ्टवेअर मीच हट्टाने आणायला लावलं, त्यामुळे त्याची बाजू घेऊन भांडायची खोडच लागली होती मला. "ताई, माल इथे नाहीये," असं कुणी म्हटलं की माझं उत्तर तयार असायचं, "स्क्रीनवर आहे ना? मग शोधा!"

गुरुवारी साठ नग सापडेनात. स्क्रीनवर ते सकाळपासून ग्राइंडिंगला होते आणि ग्राइंडिंगला होता माझा सख्खा भाऊ, बावीस वर्षं त्याच मशीनवर. तिथली ट्रॉली रिकामी होती.

"पितळ आहे. पाय फुटायला कितीसा वेळ लागतो?" मॅनेजर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मिळाले नाहीत, तर तुमच्या भावाला घरी बसवावं लागेल."

मी तरातरा दादाकडे गेले. माल तुझ्यापर्यंत आला का, एवढंच विचारायला हवं होतं. मी विचारलं, "दादा, खरं सांग, तू नेलेस का?" मशीनच्या आवाजामुळे तेही ओरडून. शेजारच्या तिघांनी माना वळवल्या.

दादाने मशीन बंद केलं, हात पुसले. "माझ्याकडे आलेच नाहीत," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

मग मात्र मी उलट्या दिशेने निघाले, आधीच्या एकेका मशीनखाली वाकून बघत. ड्रिलिंगवरचे तात्या मला पाहून उगाचच इकडची वस्तू तिकडे करायला लागले. त्यांच्या टेबलाखाली, गोणपाटाखाली, साठच्या साठ नग होते. एकालाही भोक पाडलेलं नव्हतं.

"तात्या, हे पुढे गेले म्हणून तुम्हीच नोंदवलंत ना?"

"सगळेच नोंदवतात, ताई," ते खाली बघत म्हणाले. "माल चार तास थांबला की तुमची स्क्रीन लाल होते आणि साहेब येऊन डोकं खातात. म्हणून आधी बटण दाबायचं, मग सावकाश काम करायचं. या वेळी ड्रिल मोडलं. नवीन येईपर्यंत बोलायची छातीच झाली नाही."

तो लाल रंग माझ्या डोक्यातून निघालेला. महिन्याभरात स्क्रीनवरचं लाल गायब झालं, तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मॅनेजरना मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं आणि त्यांच्यासमोर तो नियम काढून टाकला. भला माणूस, खाली जाऊन दादाची माफी मागून आला.

सुटी झाल्यावर मी दादाला फाटकापाशी गाठलं.

"चुकलं माझं, दादा. पण तात्या कामाआधीच बटण दाबतात, हे तुला ठाऊक होतं ना? तेवढं तरी सांगायचंस."

"तू ते कुठे विचारलंस?"

त्याने खांद्यावरची पिशवी काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली. आत डबा होता, टॉवेल होता, चष्म्याचं घर होतं.

"बघून घे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना.

"दादा, नको ना रे."

"बघ. म्हणजे पुन्हा विचारायला नको."

माणसं आमच्या बाजूने बाहेर पडत होती आणि तो पिशवी उघडी धरून तसाच उभा होता.