छपरावरून उतरवलेला पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा पत्रा आहे. लोखंडाचा नव्हे, उजेड आत सोडणाऱ्या प्लॅस्टिकचा. रोपवाटिकेच्या छपरावर माझी हयात गेली. नवरा वारल्यावर वहिनींनी ही रोपवाटिका एकटीने सांभाळली. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. माझ्याखालची रोपे दणकट म्हणून लोक लांबून यायचे.

यंदा गारपिटीत माझा कोपरा फुटला. वहिनींच्या दिराने मला उतरवून हिरवागार पत्रा चढवला.

"पानं हिरवी, मग उजेडही हिरवाच मानवणार. साधी गोष्ट आहे, वहिनी."

वहिनींना पटले. मला दाराशी भिंतीला टेकवून ठेवले आणि माझ्या जिवाला घोर लागला. पानातले हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड शोषते व त्यावर अन्न शिजवते. सोबतची पिवळी द्रव्येही निळाच टिपतात. हिरवा उजेड पान बराचसा परत फेकते, म्हणून तर ते हिरवे दिसते. हा नवा शहाणा हिरवाच उजेड आत सोडतो; हवे ते अडवतो आणि नको ते ताटात वाढतो.

उपाशी टोमॅटोची रोपे उजेड शोधत भराभर उंच झाली. देठ दोऱ्यासारखे, पाने फिकी.

"बघा, कशी तरारली!" दीर म्हणाला. शेजारीपाजारीही कौतुक करून गेले. मी मात्र धसकलो.

दारातले ऊन माझ्यावर पडून शेजारच्या एका ट्रेवर परतते. तेवढीच रोपे बुटकी राहिली, जाड देठाची, गर्द पानांची. आज वहिनी तिथे थबकल्या. मला वाटले, आता उमगेल.

"भावोजी, हीच का खुरटली?"

"रोग असेल. उपटून टाका, नाहीतर बाकीच्यांना लागेल."

वहिनींनी ती उपटली. शेवटचे रोप त्यांनी जरा वेळ हातात धरले. मुळांनी माती घट्ट पकडली होती. मग तेही कचऱ्याच्या टोपलीत गेले.

उद्या गिऱ्हाइके येतील. ती उंच रोपे उघड्या शेतात पहिल्याच उन्हात माना टाकतील. मग या दाराकडे कोण फिरकणार? वहिनींना दुसरा आधार नाही. मला हे सगळे दिसते आहे, पण वहिनींशी बोलायला तोंड नाही.

मित्रांनो, जुने काढताना ते काय करत होते एवढे तरी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी इकडून जाणार असाल, तर अंधार पडायच्या आत त्या टोपलीत डोकावा. रोपे अजून जिवंत आहेत. वहिनींना त्यांच्या पानांचा रंग दाखवा.