कुसुमची काठी

२००५ सालचा नोव्हेंबर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात, वेस्टश्टाट वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दिनकरराव सबनीसांनी भिंतीवर पांढरी चादर ताणून लावली होती आणि तिच्यावर एक निळाशार डोंगर उलटा लटकत होता.

"अहो, स्लाइड उलटी घातलीत," कुसुम स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"दिसतंय मला. तू वड्यांकडे बघ."

पाहुणे हसले. पाहुणे म्हणजे गुरुदत्त आणि त्याची बायको सुनेत्रा, आणि येनाहून दोन दिवसांसाठी आलेली सबनीसांची मुलगी अवनी. गुरुदत्त आणि दिनकरराव वुल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात एकाच विभागात होते, त्याच उन्हाळ्यात दोघे निवृत्त झाले, आणि निवृत्तीचं निमित्त करून पेरू देशात जाऊन आले. डोंगरातली जुनी इंका लोकांची पायवाट, बरोबर वाटाड्या, ओझी वाहायला हमाल, मुक्कामाला तंबू, आणि शेवटच्या दिवशी ढगांतलं ते दगडी शहर. सुनेत्राचे गुडघे दुखत म्हणून ती गेली नव्हती. कुसुम गेली होती. म्हणजे निघाली तरी होती.

"मनोरमावहिनी, या की बसायला," गुरुदत्त म्हणाला.

"आले भावजी, शेवटचा घाणा."

कुसुमला सगळे मनोरमाच म्हणत. कोल्हापुरात लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंचं नावही कुसुमच निघालं. एका घरात दोन कुसुम कशा चालतील? म्हणून ताटभर तांदळात दिनकररावांनी अंगठीने 'मनोरमा' असं लिहिलं, पेढे वाटले, आणि झालं. नवरामुलगा जर्मनीहून रजेवर आलेला, रजा संपत आलेली. गडबडीत लग्नाची नोंद आणि पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून झाले, ते कुसुम या नावाने. पुढे बदलून घेऊ म्हणाले, ते राहिलंच. जर्मनीत कचेरीत, दवाखान्यात, कामावर ती नुसती फ्राऊ सबनीस. पहिल्या नावाची गरज कुणाला पडलीच नाही. कुसुम अशी हाक मारणारे तिचे वडील होते, ते गेले. सासूबाई तर त्याच्याही आधी गेल्या, पण त्यांच्याकडचं नाव काही हिच्याकडे परत आलं नाही.

पेरूचं वेड मूळचं कुसुमचं. ती वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथल्या भिंतीवर एका वर्षी कुठल्याशा प्रवासी कंपनीचं कॅलेंडर लागलं, आणि त्याच्या एका पानावर ती भिंत होती. केवढाले दगड, एकाला बारा कोपरे, आणि मध्ये चुन्याचा ठिपका नाही. कुसुमचे वडील कोल्हापुरात दगडी बांधकामाची कंत्राटं घेत. कारागिराचं काम पाहताना ते सांध्यावरून अंगठ्याचं नख ओढत. नख अडलं तर दगड पुन्हा काढायला लावत. लहानपणी कुसुम त्यांच्यामागून तसंच नख ओढत हिंडायची. वर्ष संपलं तेव्हा तिने ते पान मागून घेतलं आणि घरी फ्रिजवर लावलं. पान पिवळं पडलं, फ्रिज बदलला, तरी ते तिथेच होतं.

"कधीतरी जाऊ," दिनकरराव म्हणायचे.

कधीतरी यायच्या आत तिने पाय तयार ठेवले. सुट्टी असली की गाडीने हार्ट्सच्या डोंगरांत जायचं आणि तिथलं सगळ्यात उंच शिखर, ब्रोकेन, चढायचं. धुकं असो, बर्फ असो. इकडच्या म्हाताऱ्या माणसांसारखी तिने लाकडी काठी घेतली होती आणि गेली त्या जागेचा छोटा पितळी बिल्ला त्यांच्यासारखाच काठीवर ठोकत गेली. दिनकरराव एकदा आले होते बरोबर. अर्ध्यावर कॉफी प्यायला बसले ते तिथेच बसले.

निवृत्तीनंतर गुरुदत्तने जाऊ या म्हटलं तेव्हा मात्र ते लगेच तयार झाले. विमानाची तिकिटं अवनीने काढली. चढाईच्या परवान्यासाठी सगळ्यांची माहिती गुरुदत्तने गोळा केली, फोनवरून.

"नावं नीट दिलीत ना?" कुसुमने विचारलं होतं.

"मनोरमा, तीस वर्षं मी मोटारी बनवल्या आहेत. दोन नावं सांगता येतात मला."

पायवाट सुरू होते तिथे नदीवर पूल आहे, आणि पुलाच्या अलीकडे चौकी. सकाळचं ऊन नुकतंच दरीत उतरत होतं. हमालांनी बोचकी पाठीला बांधली होती. चौकीतला माणूस एकेक नाव वाचे, पासपोर्ट बघे, शिक्का मारे.

"मनोरमा?"

कुसुम पुढे झाली. त्याने पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा परवान्याकडे. नंबर बरोबर होता. नाव दुसऱ्या बाईचं होतं.

वाटाड्या चौकीवाल्याशी बराच वेळ बोलला. गुरुदत्तही जर्मनमधून, इंग्रजीतून बोलला. चौकीवाला चिडला नाही की काही नाही, नुसती मान हलवत राहिला. दुसरा परवाना मिळणं शक्य नव्हतं, पुढच्या कितीतरी दिवसांचे संपले होते.

"तुम्ही फोनवर सांगितलंत तरी काय?" कुसुमने नवऱ्याला विचारलं.

"नंबर वाचून दाखवला! पासपोर्ट समोर धरून वाचला."

"आणि नाव?"

"नाव काय वाचायचं? मला माहीत नाही का तुझं नाव?"

दिनकरराव पुलाकडे बघत होते. बाकीचे पलीकडे जाऊन थांबले होते, एक जर्मन बाई बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती.

"हे बघ मनू, आता दोघांचंही बुडवून काय उपयोग? तू हॉटेलवर परत जा, आराम कर. वाटाड्या गाडी करून देतोय. तसंही एवढ्या उंचीवर तुला झेपलं असतं की नाही, देव जाणे."

'मग मीही नाही जात,' एवढं एकच वाक्य तिला ऐकायचं होतं. त्यांनी ते म्हटलं असतं तर तिनेच त्यांना पुढे पाठवलं असतं, पाठीवरची पिशवी नीट करून दिली असती. पण ते म्हणावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दोन पावलं जाऊन ते वळले. तिला वाटलं, आता म्हणतील.

"ती काठी दे गं तुझी. तुला आता कशाला लागणार? आणि चिवड्याचा डबा तुझ्याच पिशवीत आहे ना?"

तिने दोन्ही दिलं.

परतीच्या विमानात, जेवणाचे ट्रे उचलून नेल्यावर दिनकरराव हळूच म्हणाले होते, "घरी गेल्यावर उगाच नावाचं पुराण लावत बसू नकोस. चारचौघांत बरं दिसत नाही." तिला वाटलं होतं, निदान गप्प तरी बसतील. न बोललेलं एक वेळ गिळता येतं.

चादरीवर आता तीच नदी होती, तोच पूल.

"इथून सुरुवात," दिनकरराव म्हणाले. "आणि इथेच आमच्या मंडळींनी हाय खाल्ली. उंचीचा त्रास. डोकं गरगरायला लागलं, श्वास लागला. मी म्हटलं, बाई गं, जीव महत्त्वाचा. तू जा परत."

कुसुम वड्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. तिने गुरुदत्तकडे पाहिलं. गुरुदत्त पुलावर होता त्या सकाळी. त्याने वडा उचलला आणि चटणीत बुडवला, बराच वेळ बुडवत राहिला.

"अय्या वहिनी, आणि तुम्ही आम्हाला हार्ट्सच्या गोष्टी सांगायच्या!" सुनेत्रा म्हणाली. "मला म्हणायच्या, चाल जरा, गुडघे सुटतील. काय हो, तुमचेच सुटले की!"

"अगं, चढणं वेगळं आणि ती उंची वेगळी," दिनकरराव मोठ्या मनाने म्हणाले. "तिची काय चूक?"

स्लाइड बदलली. उंच खिंड, मागे ढग, आणि दिनकरराव एक पाय दगडावर ठेवून उभे. हातात कुसुमची काठी. ऊन पडून तिच्यावरचे हार्ट्सचे बिल्ले चमकत होते.

"ही सगळ्यात उंच खिंड. नाव काय माहितेय? मेलेल्या बाईची खिंड. खरंच तसं नाव आहे तिचं."

"म्हणून तर वहिनींना खाली ठेवलं!" गुरुदत्तच्या तोंडून निघून गेलं, आणि सगळे खदखदून हसले.

अवनी हसली नाही. ती चादरीवरच्या काठीकडे बघत होती. लहानपणी त्या काठीला धरून तीच आईबरोबर डोंगर चढली होती. तिला मराठी सगळं कळे, बोलायची मात्र जर्मन.

"ममा, श्टिम्ट दास?" तिने आईला विचारलं. खरं आहे का हे?

"नाही," कुसुम म्हणाली. तिने ताटली टेबलावर ठेवली. "मला काही झालं नव्हतं. डोकं दुखलं नाही की श्वास लागला नाही. चौकीवर मनोरमाचा परवाना होता आणि पासपोर्ट कुसुमचा. तुझ्या पप्पांनी नंबर बघून सांगितला आणि नाव न बघता. भावजी होते तिथे, त्यांना विचार."

अवनीने गुरुदत्तकडे पाहिलं.

"गेनाऊ, बरोबर," गुरुदत्त खाली बघत पुटपुटला. "म्हणजे... आल्झो, तसं झालं खरं थोडंसं."

"आता बायकोचं नाव काय कुणी पासपोर्ट उघडून बघतं?" दिनकररावांनी हात पसरले. "काय रे गुरुदत्त? तू बघतोस?"

त्यांनी ते अशा काही थाटात म्हटलं की गुरुदत्तला हसू फुटलं. मग सुनेत्रालाही.

"खरंच की," ती हसत हसत म्हणाली, "आमच्याकडे तरी काय! माझं माहेरचं नाव ऊर्मिला. ह्यांना विचारा, आठवतंय का."

गुरुदत्त हसत होता. त्याने डोकं खाजवलं, वडा खाल्ला. त्याला आठवत नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. सुनेत्राचं हसू हळूहळू थांबलं आणि ती मांडीवरचा कागदी रुमाल दुमडत बसली.

"चला, पुढची," दिनकरराव म्हणाले, आणि बटण दाबलं.

कुसुम तिथेच, दाराला टेकून उभी राहिली. तिच्या त्या चार दिवसांचं चित्र कुणी काढलं नव्हतं. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक जुनी इंका भिंत होती, वर कुणा स्पॅनिश माणसाने नंतर चुन्याचं घर चढवलेलं. ती रोज तिथे जायची आणि सांध्यांवरून नख ओढत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. नख कुठे अडलं नाही. भिंतीच्या पायथ्याशी एक बाई उकडलेली कणसं विकायला बसे. दोघींची भाषा एक नाही. बाईने छातीवर हात ठेवून स्वतःचं नाव सांगितलं आणि बोट हिच्याकडे केलं.

"कुसुम," हिने सांगितलं. किती वर्षांनी ते मोठ्याने म्हटलं होतं. त्यानंतर ती बाई रोज लांबूनच हाक मारायची.

पाहुणे गेल्यावर दिनकररावांनी कोपऱ्यातली काठी आणली. तिच्यावर त्यांनी एक नवीन बिल्ला ठोकला होता, पेरूहून आणलेला. "बघ, तुझ्याच काठीवर लावला," ते म्हणाले. "तुझीही झालीच की यात्रा."

सकाळी कुसुमने सुरीच्या टोकाने तो उचकटला आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी तो खिशात टाकला. त्याबद्दल दोघेही पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि तसं पाहिलं तर इतर कशाबद्दलही फारसं बोलले नाहीत.

पुढे गुरुदत्त आणि सुनेत्रा पुण्याला परत गेले. जायच्या आधी सुनेत्रा एकदा एकटीच येऊन चहा पिऊन गेली. दारात निघताना "येते हं कुसुमताई" म्हणाली, आणि रडली. अवनी येनामध्येच राहिली, भिंगांच्या कारखान्यात लागली, एका जर्मन मुलाशी लग्न केलं आणि कचेरीत विचारलं तेव्हा स्वतःचं नाव, आडनावासकट, आहे तसं ठेवलं.

दिनकररावांना २००९च्या हिवाळ्यात झटका आला. बोलणं गेलं, एकच शब्द राहिला. कुसुम सकाळची बस पकडून दवाखान्यात जाई. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिथल्या तरुण नर्सने तिला बाजूला घेतलं. बिचारी संकोचली होती.

"फ्राऊ सबनीस, कसं सांगू कळत नाही. तुमचे पती सारखं एका बाईचं नाव घेतात. मनोरमा. आमच्याकडच्या कागदांवर पत्नीचं नाव कुसुम आहे. तुमच्या ओळखीची असेल... तिला कळवायचं का आम्ही?"

कुसुमने कोट काढून खुंटीला लावला.

"नको," ती म्हणाली. "मी कळवते."

मग ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि त्यांनी हाक मारली तेव्हा नेहमीसारखीच ओ दिली. आठवड्याभरात ते गेले.

पेरूला ती पुन्हा गेली नाही. हार्ट्समध्ये मात्र जात राहिली, आधी वर, मग अर्ध्यावर, मग पायथ्याच्या वाटेने. काठीवर अंगठा ठेवतात तिथेच, पितळी बिल्ल्यांच्या मध्ये, खिळ्यांची दोन भोकं राहिली होती. तिथे तिने दुसरं काही ठोकलं नाही.