बिनरेघांचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना स्टँप पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी आणि आत शाई प्यायलेला जाड लोकरी कापडाचा नमदा, एवढाच माझा संसार. दुकानातून मी थेट साबणाच्या कारखान्यात आलो आणि कामगारांचे काम पाहणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ऐटीत बसलो.

सुरुवातीचे दिवस फार मजेचे गेले. रजेच्या अर्जावर शिक्का, बढतीच्या पत्रावर शिक्का! शिक्का माझ्यावर आपटला की मला गुदगुल्या होत. "पॅड आहे की विहीर? शाई आटतच नाही," असे साहेब म्हणत आणि मी आणखी फुगत असे.

मग साबणाच्या वड्या कागदात गुंडाळणारे नवे यंत्र आले आणि ते काम करणाऱ्या बायकांना घरी पाठवायचे ठरले. त्यांच्यासाठी एक छापील कागद आला. 'सगळा हिशेब मिळाला, आता कंपनीकडे माझी कोणतीही मागणी नाही.' खाली सही आणि पक्केपणासाठी अंगठाही. एकेकीला आत बोलावले जाई.

"आज सही केलीत तर आजच पैसे. उद्याचं मी सांगू शकत नाही," साहेब सांगत. त्यांनाही वरून तसेच बजावलेले होते.

घरभाडे थकलेले, मुलांची फी तोंडावर. बायका सही करत आणि अंगठा बुडवत. त्या दिवशी मला गुदगुल्या कसल्या होणार? नाइलाजाचा अंगठा फार जड लागतो, मित्रांनो.

मग आत्या आल्या. नव्या मुलींना काम शिकवणाऱ्या त्याच आणि चुकले तर कान उपटणाऱ्याही त्याच, म्हणून सगळ्या त्यांना आत्या म्हणत. त्यांनी सही केली आणि अंगठा टेकला. कागदावर उमटला नुसता निळा ठिपका. रेघ म्हणून नाही!

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले. पुन्हा ठिपकाच.

"आत्या, रेघा गेल्या कुठे तुमच्या?"

"तुमच्या साबणानं नेल्या की! जन्म गेला माझा ओल्या वड्या उचलण्यात."

दाराशी उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या. साहेबांनाही हसू आवरेना. "बरं, बोट वाळवा जरा. मग बघू."

"वाळवते. तोवर कागद वाचा की. चष्मा घरी राहिलाय माझा. आणि मोठ्यानं वाचा, बाहेरच्यांनाही ऐकू दे."

साहेब वाचू लागले. आधी आवाज खणखणीत होता. पण 'कामामुळे झालेल्या आजाराच्या उपचारांचा खर्चही मागणार नाही' या ओळीवर तो एकदम खाली आला. बाहेरचे हसू थांबले.

आत्यांनी दारातल्या आपल्या धाकट्या जावेकडे बोट दाखवले. "साबणाची भुकटी छातीत जाऊन हिला धाप लागते. हिची औषधंही सोडायची?"

"लिहिलंय खरं तसं," साहेब हळूच म्हणाले.

"मग खोडा माझी सही. अंगठा वाळला तरी लावायची नाही मी!"

बायकांनी मिळून तक्रार केली आणि सरकारी कामगार अधिकारी बाई चौकशीला आमच्याच टेबलाशी येऊन बसल्या. कंपनीचे वकील ठासून म्हणाले, "सह्या आहेत, अंगठे आहेत. विषय संपला."

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "वाचून दाखवलं होतं का? विचार करायला वेळ दिला होता का? हक्काचं जेवढं बसतं, तेवढं दिलंत का?"

वकिलांनी साहेबांकडे पाहिले. साहेब खरे तेच बोलले. "नाही, बाई."

जुने कागद रद्द झाले. पुष्कळ घासाघीस होऊन नवी तडजोड ठरली. पूर्ण भरपाई आणि उपचारांचा खर्च सगळ्यांना, आधी अंगठा दिलेल्यांनाही. ज्यांना हवे त्यांना यंत्रावरचे काम शिकण्याची संधी. साहेबांनी तो करार मोठ्याने वाचला. एकीने "पुन्हा वाचा," म्हटल्यावर न कुरकुरता पुन्हा वाचला. मग धडाधड अंगठे पडू लागले आणि गुदगुल्यांनी माझी पुरेवाट झाली! आत्यांचा पुन्हा ठिपकाच उमटला, तेव्हा बाईच खळखळून हसल्या.

आता मी म्हातारा झालो आहे. नमदा कोरडा पडतो, अधूनमधून शाईचे दोन थेंब घालत जा. आणि मित्रांनो, मोठे झाल्यावर कुणी घाईने कागद पुढे सरकवला, तर आधी तो नीट वाचा. कळला नाही तर विचारा. तुम्ही खुर्चीत असाल, तर समोरच्याला वाचून दाखवा. तेवढा वेळ मी खुशाल वाट पाहीन.